चार बोटं कमी केलेलं टेबल

महादेवी,

दुधनीला तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू बसलेली होतीस. तुमच्यात माणसाला बसवून नेतात हे मला ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. भिंतीला टेकवून तुला बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचे हार, अंगावर इरकली साडी. भजन चाललं होतं, बायका रडत होत्या. मी सोलापूरहून पहिल्या गाडीनं आले होते आणि दारातच थबकले. मनात पहिलं काय आलं सांगू? बाई ग, आतासुद्धा हिची पाठ माझ्यापेक्षा सरळ.

मग लाज वाटली. मग रडूही आलं. पण पहिलं आलं ते हेच, आणि तुझ्याशी आता खोटं बोलून काय करायचं? गेली आठ वर्षं मी तुझा हेवा केला, महादेवी. तू अठरा दिवसांच्या काविळीत गेलीस म्हणून तो काही गेला नाही. उलट त्याला आता बसायला समोर खुर्चीच राहिली नाही, म्हणून तो घरभर फिरतोय.

भवानी पेठेत पिठाच्या गिरणीच्या माडीवर आपला टायपिंगचा क्लास होता. खाली पट्टा फिरायचा, वर आपली बारा मशीनं खडखडायची, आणि संध्याकाळी आपल्या केसांवर पिठाची पांढरी भुरी बसलेली असायची. मी पेठेतलीच, घर चार पावलांवर. तू दुधनीची, मावशीकडे राहायला आलेली. तुझ्या आधी तीन महिने मी लागले होते आणि क्लासात माझा हात सगळ्यांत जलद होता. मास्तर घड्याळ लावायचे आणि ते ‘थांबा’ म्हणायच्या आत माझं पान संपलेलं असायचं.

मग तू आलीस. पहिल्या दिवशी तू मशीनला हातच लावला नाहीस. खुर्ची पुढे ओढलीस, मागे सारलीस, पुन्हा ओढलीस. पाय जमिनीला नीट टेकेनात म्हणून कोपऱ्यात पडलेली वीट मागितलीस. मला हसू फुटलं. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, “सगळ्यांनी मशीनं थांबवा. हिच्याकडे बघा. कोपर बघा, मनगट बघा. बोटं चालताना खांदा हलतो का, तेही बघा.”

सगळ्या मुली वळल्या. मी वळले नाही. मी टाइप करत राहिले, आणि त्या एका ओळीत माझ्या सहा चुका झाल्या.

मास्तरांनी मला शाबासकी दिलीच नाही असं नव्हतं. द्यायचे. पण शेवटी एक वाक्य हमखास जोडायचे: “वेग सुमनचा आणि बैठक महादेवीची, असं कुणी मिळालं तर मग बघायलाच नको.” तू हे वाक्य कधीच विसरून गेली असशील. मला त्यातला मास्तरांचा खाकरासुद्धा आठवतो.

मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेत मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी मुद्दाम तुझ्यापुढे पेढ्याचा पुडा धरला. तू पेढा तोंडात टाकलास आणि म्हणालीस, “लई जलद हाय बघ हात तुझा. पण मान केवढी वाकवतेस ग. दुखत न्हाई?” मला वाटलं, माझा पेढा खाऊन माझ्यातच खोट काढतेय. मी म्हटलं, “तुझं तू बघ.”

दुखत होती, महादेवी. तेव्हापासूनच दुखत होती.

महिन्याच्या अंतरानं दोघींना एकाच सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि टेबलं शेजारी शेजारी आली. तिथली टेबलं कारकुनांनी लिहायला केलेली, उंच. त्यावर मशीन ठेवलं की हात छातीशी यायचे आणि खांदे कानांना लागायचे. मला वाटायचं, टेबल म्हणजे असंच असतं, माणसानं जुळवून घ्यायचं. तू आठ दिवस जुळवून घेतलंस. नवव्या दिवशी हेडक्लार्कपुढे जाऊन उभी राहिलीस. आपण त्यांना अण्णा म्हणायचो.

“अण्णा, टेबलाचे पाय चार बोटं कापून घेऊ का?”

सगळ्या हॉलमधल्या लेखण्या थांबल्या. अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले, “बाई, टेबल सरकारी आहे.”

“व्हय अण्णा. पण पाठ माझी हाय की.”

अण्णा हसले. म्हणाले, “मी शनिवारी दुपारनंतर ऑफिसात नसतो. जे माझ्या मागं होतं ते मला दिसत नाही.” त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर तुझ्या मावशीच्या ओळखीचा सुतार करवत घेऊन आला. तू त्याच्याकडून चारही पाय कानशीनं घासूनही घेतलेस, फरशीला ओरखडा उठू नये म्हणून. सोमवारी कारकून मंडळींनी तुझ्या टेबलाचं नाव ‘सिंहासन’ ठेवलं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तुझे सोपस्कार तिथंच थांबले नाहीत. कागद टेबलावर आडवा ठेवून मान वाकडी करून वाचायचा, हे तुला चालेना. तू एक जुनी पाटी डावीकडे उभी केलीस आणि तिला चिमट्यानं कागद लावू लागलीस, डोळ्यांच्या सरळ रेषेत. दोन पानं झाली की हात खाली सोडून मनगटं झटकायचीस. चार-पाच पानं झाली की उठून माठातल्या पाण्याचा हबका डोळ्यांवर मारायचीस आणि खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहायचीस. मी एकदा विचारलं, “कोण येणार आहे?”

“कुणी न्हाई. दिवसभर वीतभर अंतरावर बघतो आपण. डोळ्यांना जरा लांबचं दाखवावं.”

मला तो नखरा वाटायचा. आपलं भांडण याच एका गोष्टीवरून होतं आणि ते कधी संपलं नाही. तू म्हणायचीस, मशीनला आपल्याकडं बोलवायचं, आपण मशीनकडं जायचं न्हाई. मी म्हणायचे, काम वेळेत होतं ना, मग कशी का बसेना मी. तू म्हणायचीस, आज होतंय. मी म्हणायचे, उद्याचं उद्या. आणि हे बोलताना मी कुबड काढून मशीनवर ओणवलेली असायचे आणि तू पाठ टेकवून, कोपरं अंगालगत ठेवून, जणू हार्मोनियमच वाजवतेस अशी.

आता जे सांगायचं आहे ते मी तुला जिवंतपणी सांगितलं नाही.

अण्णा निवृत्त झाले. नवे सुपरिंटेंडेंट आले. साहेबांच्या खोलीतलं गोपनीय टायपिंग कुणाकडे द्यायचं हा प्रश्न निघाला. मला खात्री होती, माझं नाव येणार. वेग माझा. नाव तुझं आलं. मी विचारायला गेले तर सुपरिंटेंडेंट म्हणाले, “त्यांचं संध्याकाळचं शेवटचं पान सकाळच्या पहिल्या पानासारखंच असतं. तुमचं चारनंतर बघवत नाही.” खरं होतं ते. चारनंतर मला मान वर उचलवत नसे. पण खरं असलं म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांच्या टेबलाशी गेले. सहज आल्यासारखी. म्हटलं, “साहेब, महादेवीबाईंचं टेबल बघितलंत? सरकारी टेबलाचे पाय कापलेत. उद्या तपासणीत कुणी विचारलं तर तुमच्यावर यायला नको, म्हणून कानावर घातलं.”

एवढंच. चहा गार व्हायच्या आत परत जागेवर आले.

तुला मेमो मिळाला. कुणाच्या परवानगीनं पाय कापले, याचा लेखी खुलासा मागितला. तू अण्णांचं नाव घेतलं असतंस तर सुटली असतीस. पण अण्णांच्या पेन्शनचे कागद अजून वर गेलेले नव्हते. तू एक ओळ टाइप करून दिलीस की हे मी माझ्या मर्जीनं केलं. त्या ओळीतही एक खाडाखोड नव्हती. गोपनीय काम तुझ्याकडून गेलं आणि तुझी रवानगी मागच्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. तिथं उंच टेबल, मागं पाठ नसलेलं स्टूल. सहा महिने.

आणि सुपरिंटेंडेंट मला म्हणाले, “ते टेबल आता फुकट कशाला ठेवायचं? तुम्ही बसा.”

मी बसले, महादेवी. तुझ्या टेबलावर बसले. पहिल्या दिवशी वाटलं, झालं, आता माझीही पाठ सरळ होणार. काही झालं नाही. टेबल तुझं होतं, सवय माझीच होती. मी त्या कमी केलेल्या टेबलावर आणखी चार बोटं वाकले.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. कामांची पत्रकं, हजेऱ्यांचे नमुने, पाण्याच्या टँकरांचे तक्ते, सगळं प्रती छापायच्या मेणकागदावर, स्टेन्सिलवर काढायचं. स्टेन्सिलला कागदासारखं हलकं वाजवून चालत नाही, प्रत्येक अक्षर जोरानं मारावं लागतं. मी दिवसाला किती स्टेन्सिल काढते याचा मला गर्व होता. आधी उजव्या हाताची करंगळी बधिर झाली. मग मनगट सुजलं. एके दिवशी सकाळी मला माझी वेणी घालता येईना. आईनं घातली आणि विचारलं, “हाताला काय झालं ग?” मी म्हटलं, काही नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी हात दाबून बघितला, मान दाबून बघितली आणि म्हणाले, टायपिंग बंद. म्हणजे नोकरी बंद. घरात मिळवती मी एकटी, आणि मला दुसरं काहीच येत नव्हतं.

त्याच आठवड्यात काम उपसेना म्हणून तुला हॉलमध्ये परत आणलं. तू दारातून आलीस. मी तुझ्या टेबलावर बसलेली. तू बघितलंस. मला वाटलं, आता बोलेल. तू माझ्या मनगटाला गुंडाळलेला फडका बघितलास, माझ्या मागं आलीस आणि खुर्ची धरून मला खुर्चीसकट पुढं ढकललंस.

“टेबल बरोबर हाय,” म्हणालीस. “खुर्ची लांब घेतेस तू. म्हणून वाकतेस.”

दुपारच्या सुट्टीत तू डबा बाजूला ठेवून मला बसायला शिकवायला लागलीस. बसायला! पंचवीस वर्षांच्या बाईला. पाय पुढे नको, खाली टेकव. माकडहाड खुर्चीच्या मागपर्यंत ने. खांदे उचल, आता सोड. कळ बोटानं दाब, अंगानं न्हाई. पहिले पंधरा दिवस तू मला मशीनला हात लावू दिला नाहीस, माझी पत्रकं तुझ्या पत्रकांत घालून तूच काढलीस. सुपरिंटेंडेंटना कळलंसुद्धा नाही. रोज तुझे दोन्ही तळवे माझ्या खांद्यांवर असायचे आणि मी त्या तळव्यांखाली बसून तुझा हेवा करायचे. का कुणास ठाऊक, तुझ्या चांगुलपणाचा हेवा तर पाठीच्या हेव्यापेक्षाही जास्त जळायचा.

एक दिवस मी चिडले. “तुझं बरं आहे. तुला देवानं पाठच तशी दिली.”

तू भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबलीस. म्हणालीस, “देवानं वाकडीच दिली होती की. नऊ वर्षांची असताना मणक्याचा क्षय झाला. मिरजेला नेलं. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर. अकरा महिने पालथी न्हाई, कुशीवर न्हाई. छत बघत पडले. उठवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता जन्मभर जपून बसायचं. म्हणून जपते. तुला काय वाटलं, मिरवते?”

मला तेच वाटलं होतं. हे ऐकून हेवा जायला हवा होता ना? कुणाही भल्या माणसाचा गेला असता. मला वाटलं, बघ, दुखणंसुद्धा हिचं माझ्यापेक्षा मोठं. माझं एक सुजलेलं मनगट, आणि हिचे अकरा महिने. इतकी मी वाईट आहे, महादेवी.

पण हात परत आला. चार महिन्यांनी मी पुन्हा दिवसभर टाइप करू लागले, पूर्वीपेक्षा जरा हळू, चारनंतरही सरळ ओळीत. तू त्यानंतर शेजारच्या उंच टेबलावर बसायचीस, खुर्चीत घोंगडीची घडी घालून आणि पायाखाली दोन विटा घेऊन. टेबल परत मागितलं नाहीस. मी दोनदा सांगायचं ठरवलं, की ती चहाडी मी केली होती. एकदा सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी आपण शेंगा खात बसलो होतो तेव्हा. तू म्हणालीस, पाणी किती आटलंय बघ, आणि मी म्हटलं, हो. दुसऱ्यांदा दवाखान्यात. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी म्हटलं, “महादेवी, मला एक सांगायचंय.” तू म्हणालीस, “बरी झाले की सांग. आता डोकं जड झालंय बघ.” मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच सांगते, सुटल्यासारखं.

काल मी पुन्हा दुधनीला गेले होते. तुझ्या आईला भेटायला, एकटीच. अव्वा पडवीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. “बर्री, कुंदर्री,” म्हणाल्या, आणि मग मला कानडी येत नाही हे ध्यानात येऊन, “या, बसा की. सोलापूरच्या तुमी? हापिसातल्या?”

मी माझं नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आठ वर्षांत तू घरी माझं नाव एकदाही घेतलं नव्हतंस! मी रोज रात्री उशाला तुलाच घेऊन निजत होते आणि तुझ्या घरात मी नव्हतेच. त्याचाही राग आला मला.

अव्वाच पुढं म्हणाल्या, “हापिसातलं कुणाचं नाव घेत नव्हती बघा ती. एकदा मात्र, मागच्या खोलीतनं परत बोलावलं त्याच्या आदल्या रविवारी, लई रडली. टेबलाची चहाडी कुणीतरी केली म्हणाली. मी विचारलं, कोण ती सटवी, नाव सांग मला. तर म्हणाली, न्हाई सांगत अव्वा. तू देवापुढं बसून शाप देशील, आन् तिचा हात आधीच बिघडलाय.”

म्हणजे तुला माहीत होतं. त्या दिवशी खुर्ची पुढं ढकललीस तेव्हासुद्धा.

मी म्हटलं, “अव्वा, ती मीच.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या. मला वाटलं, आता या बाहेर यायच्या नाहीत, मीच उठून जावं. पण त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवला.

“शाप दिला असता मी,” म्हणाल्या. “खोटं न्हाई बोलत. आता कुणासाठी देऊ?” सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, “तिचं हापिस मी कधी बघितलंच न्हाई. तितं कशी बसायची ती?”

तुझी आई मला विचारत होती. मी पडवीतल्या बाकावर बसले. माकडहाड मागं नेलं. पाय टेकवले, खांदे उचलून सोडले, कोपरं अंगालगत घेतली, हात पुढं हवेत धरले आणि समोर बघितलं.

“अशी?” अव्वा म्हणाल्या. “दिवसभर?”

“दिवसभर.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. पदराआडून म्हणाल्या, “हितं यायची तेव्हा चुलीजवळ गोळा होऊन पडायची माझ्या मांडीवर. गुडघे पोटात घेऊन. पाठ दुखायची तिची, रोज दुखायची. म्हणायची, अव्वा, हितं तरी वाकू दे की मला.”

आठ वर्षं मी तुझ्या शेजारी बसले, महादेवी. तुझ्या पाठीवर माझी नजर नाही असा एक दिवस गेला नसेल. आणि ती दुखते हे मला एकदाही दिसलं नाही. दाखवायला तू दुधनीला जायचीस.

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. स्टेशन मागं पडलं, तुरीची शेतं लागली, आणि मी पडवीतल्या त्या म्हातारीचा हेवा करत सोलापूरला आले.